क्वीरबाखकडचा सभ्य वाढपी

कोलोन, ७ मार्च १९८८

बिला,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच बिला.

काल दुपारी माथेस तुझं पुस्तक घेऊन कामावर आला. 'कोलोनात कुठे खावं, कुठे प्यावं.' प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना फुकट वाटतात ते. बिअरच्या पिंपाजवळ उभा राहून त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आधी लेखिकेचं नाव वाचलंन, म्हणजे मला पळायला जागा नको. त्या गाढवाने इतक्या वेळा वाचलं की मला पाठ झालंय:

"क्वीरबाख यांच्या बिअरघरात वाढप्यांना, कोलोनच्या रीतीप्रमाणे, क्योबेस म्हणतात. क्योबेस गिऱ्हाइकाला अरे-तुरे करतो, टोमणे मारतो आणि ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा आणून ठेवतो. पुरे झालं असेल तर ग्लासाखालचा पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवावा. नाजूक मनाच्या पाहुण्यांनी मात्र घाबरू नये. खिडकीकडच्या टेबलांवर एक वयस्क क्योबेस आहे. तो अतिशय सभ्य, नम्र आणि मृदुभाषी आहे."

मृदुभाषी! अगं, तू मला चोर म्हणाली असतीस तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. बिअरमध्ये पाणी घालतो म्हणाली असतीस तरी एक वेळ चाललं असतं. उभी हयात मी या निळ्या सदऱ्यात काढली. एका मंत्र्याला मी म्हटलंय, "पोट आत घे, टेबल सरकतंय." तो पुढे दर वर्षी येऊन माझंच टेबल मागायचा. पाद्रीबुवांना म्हटलंय, "चर्चमध्ये फुकट मिळते ना वाइन, मग इथे कशाला तडफडायला आलास?" ते हसून हसून लाल झाले होते. लोक इथे नुसती बिअर प्यायला येत नाहीत. बिअर तर स्टेशनवरही मिळते. माझ्याकडून दोन शब्द खाऊन जायला येतात.

आणि आता? धाकट्या क्वीरबाखने ते पान कापून आपल्या कबुलीघराच्या, त्या मालकाच्या खोपट्याच्या, काचेवर आतून चिकटवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून. त्याचा बाप त्या खोपट्यात बसून आमच्यावर नजर ठेवायचा. हा बसून दात काढतो. पोरं मला बघून कमरेत वाकतात. "सेवेरिनसाहेब, आपली परवानगी असेल तर ट्रे उचलू का?" काल एक बाई आली, हातमोजे घातलेली. म्हणाली, "पुस्तकातले सभ्य गृहस्थ आपणच का?" माथेस बाकावर आडवा होऊन हसत होता.

ड्युसेलडॉर्फला, कोलोनच्या वैऱ्यांच्या गावात, राहायला गेलीस तेव्हाच मी म्हटलं होतं, त्या गावातली काळी बिअर पिऊन माणसाची जीभ बिघडते. डोकंही बिघडतं हे आत्ता कळलं. आपल्या बापाच्या भावाचं नाक चारचौघांत कापायला तुला पुस्तकच छापावं लागलं?

दुसऱ्या आवृत्तीत हे दुरुस्त कर. फोन करणार नाही. मागच्या वेळी तू माझ्या कानात रिसीव्हर आपटलास. कागद आपटता येत नाही.

तुझा काका (अजून तरी)
सेवेरिन क्ल्युच


ड्युसेलडॉर्फ, ११ मार्च १९८८

सेवेरिन काका,

मी 'प्रिय' लिहीत नाही ते तू लिहिलं नाहीस म्हणून नव्हे. मलाही राग आलाय म्हणून.

तू म्हणतोस मी तुझं नाक कापलं. मी त्या पानावर जे लिहिलं त्यातला शब्दन् शब्द पाहिलेला आहे. मी असल्या कामात एका शब्दाचीही थाप मारत नाही हे तुला माहीत आहे. तूच माझी त्यावरून थट्टा करायचास, की ही पोर पाप न करताच कबुली द्यायला जाते.

नोव्हेंबरात मी आले होते. आमचा छायाचित्रकार बरोबर होता. मुद्दाम तुझ्याच टेबलावर, खिडकीशी बसले. तुला कळवलं नव्हतं. काकूच्या मयताच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "ड्युसेलडॉर्फवाल्यांनी उभ्यानेच जेवायचं, त्यांना खुर्ची नाही." लोक हसले, मी निघून गेले, मग तो फोन झाला. त्यानंतरची ही पहिली भेट. गाडीत बसून मी ठरवत होते की हा लांबूनच ओरडेल, "बघा रे, फितूर आली!" मग मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

तू आलास. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघितलंस आणि म्हणालास, "नमस्कार. आपलं स्वागत आहे."

आपलं! मला!

मी तोंडातून शब्द काढला नाही. म्हटलं, बघू हा किती ताणतो. शेजारी कुणा क्लबची माणसं टेबलं बडवत गात होती, त्यामुळे न बोलणं कुणाला खटकलं नाही. छायाचित्रकाराने पाणी मागितलं. कोलोनच्या बिअरघरात पाणी! मी श्वास रोखून बसले, की आता हा विचारणार, "अंघोळीला? मग साबण-टॉवेलही आणू?" लहानपणापासून हजार वेळा ऐकलेलं. तू म्हणालास, "लगेच आणतो, साहेब." आणि आणलंस. धावत जाऊन आणलंस.

मी यादीत बोट ठेवून दाखवलं: बटाटा-सफरचंदाचं भरीत आणि रक्ताचं सॉसेज. तू मान डोलावलीस आणि मनुका घातलेलं, सिरक्यात मुरवलेलं मांस आणलंस. लहानपणापासून मी ते तोंडात घेत नाही. दुसऱ्या ग्लासानंतर मी पुठ्ठा ठेवला, तरी तू तिसरा आणलास. पुठ्ठ्यावर हिशेबाची तिसरी रेघही मारलीस, तीही टेबलावर गेली. माझ्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करायचं, डोळ्यांवर कातडं ओढायचं, आणि वर गिऱ्हाइकासारखं 'आपण-आपण'. याहून मोठी शिवी तुझ्या उभ्या हयातीत तू कुणाला दिली नसशील.

घरी येऊन मी विचार केला. पुतणी म्हणून माझा अपमान झाला होता. पण पुस्तक पुतणीचं नाही. अनोळखी पाहुण्याला जे दिसलं असतं तेवढंच मी लिहायला हवं होतं, आणि त्याला एक सभ्य म्हातारा दिसला असता. म्हणून तसं लिहिलं. माझा राग त्यात येऊ दिला नाही, यासाठी खरं तर तू मला शाबासकी द्यायला हवीस.

बिला


कोलोन, १५ मार्च १९८८

बिला,

हो. ओळखलं होतं.

काय समजलीस, मी माझ्या भावाच्या पोरीला ओळखणार नाही? दारातून आलीस तेव्हाच ओळखलं. मुद्दाम केलं. जी बाई आपल्या काकूच्या मयताचं जेवण अर्धं टाकून जाते, तिला मी पाहुणी म्हणूनच वागवणार. पाहुणीला 'आपण' म्हणतात. तुला झोंबलं ना? झोंबावं म्हणूनच केलं.

मांस मुद्दाम आणलं. ग्लासही मुद्दाम आणला. दोन ग्लासांवर पुठ्ठा ठेवणारं माणूस क्ल्युच घराण्यात अजून जन्मलेलं नाही, म्हणून मला वाटलं तुझं डोकं ठिकाणावर नसेल.

आता हे कळल्यावर तरी तुझ्या त्या पवित्र पुस्तकात खरं ते लिही, की क्वीरबाखकडचा सेवेरिन हा कोलोनमधला सगळ्यांत उद्धट क्योबेस आहे आणि त्याने लेखिकेला हाकलून दिलं नाही हे तिचं नशीब.

आणखी एक. तुझं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं आहे. ती फिकी निळी शाई कुठून आणतेस? पुढचं पत्र टाइप कर, नाहीतर काळ्या शाईत मोठं लिही. मला उद्योग आहेत.

सेवेरिन


ड्युसेलडॉर्फ, २० मार्च १९८८

काका,

काळ्या शाईत लिहितेय. मोठं लिहितेय. तुझ्या पत्राच्या ओळी आधी एकमेकींवर चढतात आणि मग उतरणीला लागतात. पिऊन लिहितोस का?

मुद्दाम केलंस, बरं झालं सांगितलंस. मी चार महिने स्वतःची समजूत काढत होते की गर्दी होती, दमला असेल, वय झालंय. आता ती तसदी नाही.

दुरुस्ती होणार नाही. जे मी पाहिलं नाही ते मी छापणार नाही. तुझ्या सांगण्यावरून तर नाहीच, कारण नोव्हेंबरात तू नाटक करत होतास असं तूच म्हणतोस. मग आत्ता करत नाहीस कशावरून? एकदा माझ्या तोंडावर उद्धट वागून दाखव. माझ्या डोळ्यांत बघून. मग लिहीन.

बिला


कोलोन, १८ एप्रिल १९८८

बिला,

टोपी खुंटीला आहे. घेऊन जा, नाहीतर पोस्टाने पाठवतो.

पुन्हा अशी येऊ नकोस.

सेवेरिन


ड्युसेलडॉर्फ, २० एप्रिल १९८८

काका,

पोस्टाने पाठवू नकोस. आधी हे वाच. अक्षर आणखी मोठं केलंय. का केलंय ते तुला कळेल.

शुक्रवारी मी आले ती चांगल्या मनाने आले नव्हते. भांडायला आले होते. नेटाकाकूची हिरवी टोपी घालून आले होते, ती तितराच्या पिसाची, जी तिने मला ठेवली. अख्ख्या गल्लीत तशी दुसरी टोपी नाही. म्हटलं, बघू आता कसा न ओळखल्यासारखं करतो. माझ्याकडे बघून करता येईल, पण काकूच्या टोपीकडे बघून नाही. वाईट वागले. पण रागच तेवढा होता.

शुक्रवार म्हणजे बटाट्याच्या धिरड्यांचा दिवस, सगळी खोली तळणाच्या धुराने भरली होती. मला बघून माथेस हातातला ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. पिंपावर ग्लास भरणाऱ्या माणसाने छातीवर क्रॉसची खूण केली. सगळ्यांनी टोपी ओळखली, काका. सगळ्यांनी.

तू नीट चालत आलास. खुर्च्यांना न अडखळता, ट्रे डोक्याच्या उंचीवर, तुझ्या नेहमीच्या झोकात. माझ्यासमोर थांबलास. माझ्या कानाकडे बघितलंस आणि म्हणालास, "नमस्कार, बाई. आपण एकट्याच? आपली टोपी अडकवून ठेवू का?"

मी काढून तुझ्या हातात दिली.

तुझा अंगठा पट्टीवरून फिरला. जिथे ती पट्टी कार्निव्हलच्या धक्काबुक्कीत तुटली होती आणि तू एप्रनच्या जाड दोऱ्याने शिवली होतीस, तिथे येऊन थांबला. काकू त्या टाक्यावरून तुला आयुष्यभर बोलायची, की हा बैलाची झूल शिवल्यासारखा टोपी शिवतो. तुझा अंगठा त्या गाठीवर मागे-पुढे झाला. मग तू मान वळवलीस. माझ्याकडे नाही, बाजूला, भिंतीकडे, आणि त्या तिरक्या नजरेने मला शोधत राहिलास. चेहऱ्यावर एवढी भीती मी तुझ्या कधी पाहिली नव्हती. काकू गेली त्या दिवशीही नाही.

मग टोपी खुंटीला लावलीस, अगदी व्यवस्थित, आणि गेलास. पुढचा ग्लास माथेसने आणला. मी त्याला विचारलं, "काकाला काय झालंय?" तो म्हणाला, "धिरडी गरम आहेत, जीभ भाजेल, गप खा."

तू नोव्हेंबरात मला ओळखलं नव्हतंस. तुला माझा चेहरा दिसतच नाही. पुठ्ठा दिसला नाही, माझं बोट दिसलं नाही. 'मुद्दाम केलं' ही थाप होती. तुला आंधळा ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं परवडलं. आणि मी? मी पुतणी असून नकोशी झाले असं मानून बसले, तर ते तुला चाललं.

यासाठी मी तुझ्यावर जितकी चिडलेय तितकी त्या 'आपण'साठीसुद्धा चिडले नव्हते.

डॉक्टरकडे गेला होतास का?

बिला


कोलोन, २५ एप्रिल १९८८

बिला,

तुला कुणी डॉक्टर केलं? दोन वेळा येऊन बिअर प्यायलीस आणि माझे डोळे तपासून मोकळी झालीस!

मला सगळं दिसतं. तुझी टोपी दिसली, तुझा अगोचरपणा दिसला. मेलेल्या बाईची टोपी घालून तिच्या नवऱ्यासमोर येऊन बसायचं, हे तुला कुणी शिकवलं? तुझ्या बापाने नाही. मी तर नाहीच. भीती वाटणार नाही तर काय? गाठीवर हात पडला तेव्हा क्षणभर मला वाटलं...

जाऊ दे.

धाकट्या क्वीरबाखला एक अक्षर लिहिलंस, किंवा माथेसला, किंवा तुझ्या त्या पुस्तकात, तर मला काका म्हणू नकोस. हा सदरा काढला की मी कोण? एका खोलीत बसून रेडिओ ऐकणारा म्हातारा. तसे या गल्लीत पुष्कळ आहेत, आणखी एकाची गरज नाही.

मी पडत नाही, ट्रे पाडत नाही, हिशेब चुकत नाही. कुणाचं काय बिघडलंय? सभ्यच वागतोय ना? तुझ्याच पुस्तकात लिहिलंय.

उत्तर नको.

सेवेरिन


ड्युसेलडॉर्फ, ६ जून १९८८

काका,

उत्तर नको म्हणालास म्हणून सहा आठवडे लिहिलं नाही. रोज लिहिलं आणि रोज फाडलं. आता पाठवतेय, कारण माझ्यापुढे काम येऊन पडलंय.

शरदातल्या प्रदर्शनासाठी दुसरी आवृत्ती निघते. 'क्वीरबाख' हे पान माझ्या टेबलावर आहे. बदल असेल तर ऑगस्टअखेर द्यायचा. आणि मला सुचत नाही.

तू उद्धट आहेस असं लिहिलं तर ते खोटं. सभ्य आहेस हे तसंच ठेवलं तर तेही खोटं, हे आता मला कळलंय. ते वाचून लोक येतात, तुझ्या टेबलावर बसतात, आणि तू उकळता रस्सा घेऊन त्यांच्या डोक्यांवरून जातोस. त्यांत एखादं लहान मूल मधेच उठलं तर? मी त्यांना तिथे पाठवतेय, काका. मी. माझं नाव आहे वर. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक भाजलेल्या हाताकडे मी हल्ली बघते, की हा कोलोनहून आला असेल का.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं तू सांगायचं आहेस. पण तू म्हणतोस, कुणाचं काय बिघडलंय? माझं बिघडलंय. तुझा राग मला कळतो. मला लहानपणापासून तुझा राग कळतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणावर असतो. पण तू मला शत्रू करून टाकलंस, कारण ते सोपं होतं. काकू असती तर तिने तुला पुठ्ठ्यानेच मारलं असतं.

एकच विचारते, आणि हे पुस्तकासाठी नाही. ऐकायला तर तुला येतं. छायाचित्रकाराने पाणी मागितलं ते तू ऐकलंस. साबण-टॉवेल म्हणायला डोळे लागत नाहीत. मग का नाही म्हणालास?

बिला


कोलोन, २४ ऑगस्ट १९८८

प्रिय बिला,

हे मी जाड काळ्या पेनाने लिहितोय, जे कोठारात पिंपांवर आकडे घालायला वापरतात. कागदावर सहा ओळी मावतात. म्हणून पाकीट एवढं जाड आहे. पैसे पाठवलेत असं समजून नाचू नकोस.

तुझ्या प्रश्नावर मी अडीच महिने चिडलो. भांडी आपटली. माथेसशी बोलणं सोडलं, मग लक्षात आलं की त्याला कळलंही नाही, तो नेहमीसारखा बडबडत होता. आता उत्तर देतो.

मागच्या वर्षी जुलैत एक माणूस माझ्या टेबलावरून ओरडला, "पाणी! लवकर पाणी!" मी नेहमीसारखा वळलो आणि म्हटलं, "आग लागलीय का? थांब, साबण-टॉवेलही आणतो, अंघोळ उरकूनच जा." कुणी हसलं नाही. तो पुन्हा ओरडला, तर मी पुन्हा बोललो. मला वाटलं रंगतंय. मग माथेस मला ढकलून पुढे गेला. त्या माणसाशेजारी त्याची आई बसली होती, तिच्या घशात घास अडकला होता. निळी पडली होती म्हणे. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून विनोद करत होतो, बिला. मला तिथे फक्त एक करडा डाग दिसत होता.

ती वाचली. माथेसने पाठीत बुक्के घालून वाचवली. त्या माणसाने मला फक्त विचारलं, "तुला दिसत नाही का रे?" मी म्हटलं, "बघत नव्हतो." तीच पहिली थाप. तुला मारली ती नंतरची.

मधोमध डाग आहे. कडेकडेने दिसतं, म्हणून खुर्च्या कळतात, पायऱ्या कळतात. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं. सगळ्यांची शरीरं आहेत, तोंडं नाहीत. डॉक्टर म्हणाला, हे उलट फिरत नाही.

लोकांना वाटतं क्योबेस तोंडाने बोलतो. अगं, तो आधी बघतो. दारातून आलेल्या माणसाकडे एक नजर टाकली की कळायला पाहिजे, हा आज किती सोसेल. टक्कल झाकलेल्याला टकलावरून बोलायचं नसतं, मिरवणाऱ्याला बोलायचं असतं. बायकोशी भांडून आलेल्याला बायकोवरून डिवचायचं नाही, त्याच्या बुटांवरून डिवचायचं. बोलून झालं की पुन्हा तोंडाकडे बघायचं. हसला तर आणखी एक. नाही हसला तर गुपचूप ग्लास भरायचा आणि जाताना खांद्यावर हात ठेवायचा. हे सगळं मी ज्याने करत होतो तेच गेलं. मग समोर कोण बसलंय कळल्याशिवाय काय बोलू? प्रत्येकाला घशात घास अडकलेला असेल असं धरून मी 'आपण' म्हणायला लागलो. 'आपण' कुणालाही चालतं. म्हणूनच ते इतकं भिकार आहे.

तुझ्या आईबापाच्या लग्नात मी तुझ्या आईला जे बोललो होतो ते ऐकून तिने मला मिठी मारली होती. तुला मयताच्या जेवणात बोललो तेही तसंच समजून बोललो. तेव्हा डोळे ठीक होते. पण त्या दिवशी मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्याच दुःखात होतो. ती चूक डागाची नाही.

आता धाकट्या क्वीरबाखचं ऐक. सोमवारी कबुलीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं. तो म्हणाला, "सेवेरिन, आपण अजिबात काळजी करू नका. आपल्या सेवेची..." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "लंगोटात होतास तेव्हा तुला मांडीवर घेऊन मी बिअर वाढलीय आणि तू माझ्या एप्रनवर मुतला आहेस. मला 'आपण' म्हणशील तर ते तुझं पान तुझ्याच घशात कोंबीन." त्याचं तोंड दिसत नव्हतं. पण तो हसला ते ऐकू आलं, आणि मग रडला तेही ऐकू आलं. बऱ्याच दिवसांत मी कुणाला काही बोललो नव्हतो, बिला. बरं वाटलं. मग परत बाहेर येऊन सदरा काढला, घडी घातली आणि माथेसच्या हातात दिला. तो बरंच काही बोलला. ते लिहीत नाही, टपालखात्याचा विचार केला पाहिजे.

पिंपावर उभा राहतोस का, असं विचारत होते. ग्लास भरत आला की आवाज बदलतो, ते मला जमेल. अजून ठरवलं नाही. पिंपाशी उभं राहून गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, फक्त क्योबेसला बोलता येतं. पण माथेसला बोलायला मला त्याचं तोंड बघायची गरज नाही. ते पूर्वीही बघण्यासारखं नव्हतं.

आता तुझं पान. तुझा महिनाअखेर गाठायला हे उद्या सकाळी टाकतोय. लिही की क्वीरबाखकडे सभ्य वाढपी आता एकही उरलेला नाही. हे शंभर टक्के खरं आहे, तुला झोप लागेल. नाजूक मनाच्या पाहुण्यांनी दुसरीकडे जावं.

अकरा नोव्हेंबर या वर्षी शुक्रवारी येतोय, धिरड्यांच्या दिवशी. कार्निव्हलचा हंगाम उघडेल तेव्हा मी खिडकीशी बसलेला असेन, पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या बाजूला. तू ये. आलीस की टोपी घाल, ती इथेच खुंटीला आहे, मी दिवसातून एकदा तिच्यावरून हात फिरवतो आणि लोकांना वाटतं धूळ झटकतोय.

पण एक लक्षात ठेव. गुपचूप येऊन समोर बसू नकोस. दारात उभी राहा आणि तिथूनच मला शिवी घाल, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी. ड्युसेलडॉर्फमध्ये राहून विसरली असलीस तर आत्तापासून सराव कर. म्हणजे मला कळेल, घरचं माणूस आलंय.

तुझा काका
सेवेरिन